बेटावरचा पाहण्याचा कार्यक्रम

मला पाहायला आलेलं पाचवं स्थळ आमच्या घाटंजीच्या घरी आलंच नाही, कारण मी त्यांना घरी बोलावू दिलं नाही. आधीच्या चारही वेळा सगळं सारखंच झालं होतं. समोरच्या खोलीतला दिवाण झाडायचा, शेजारून खुर्च्या आणायच्या, मी साडी नेसून ट्रे घेऊन यायचं आणि खाली मान घालून बसायचं. मी शाळेत खेळाची शिक्षिका. सकाळी मैदानावर शिट्टी वाजवत मुलींना कबड्डी शिकवायची आणि संध्याकाळी हे असं बसायचं, याचं मला हसू यायचं. हसू आलं की आई डोळे मोठे करायची, आणि पाहुणे गेल्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद.

म्हणून या वेळी मी बाबांना सांगितलं की भेटायचं तर बाहेर कुठेतरी, दिवसभर. सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं. नुसतं बसून माणूस कळत नाही, काम करताना कळतो. बाबा नुकतेच एसटीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर कंडक्टर म्हणून जिल्हाभर फिरलेले, पण कुठे उतरून थांबलेले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, धरणातल्या बेटावर जाऊ.

हे धरण यवतमाळपासून तासाभरावर आहे. पाणी अडवलं तेव्हा खोरं बुडालं आणि मधली एक टेकडी तेवढी वर राहिली. तेच ते बेट. धरणाखालच्या गावातले मासेमारी करणारे लोक रविवारी शहरातल्या मंडळींना नावेतून तिकडे सोडतात आणि संध्याकाळी आणतात. लोक सोबत गोवऱ्या नेतात, त्यांवर कणकेचे रोडगे भाजतात, पोरं पाण्यात खेळतात. बाबांनी बसच्या खिडकीतून ते बेट हजारदा पाहिलं होतं. पाय मात्र कधी ठेवला नव्हता.

आईला हे मुळीच पटलं नाही. ती घरीच शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. पहाटे मशीन सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. तिच्या बोटाला सुईची सवय होती, पण एक दिवस रिकामं कसं बसायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी पाहाचा कार्यक्रम कोनी जंगलात ठेवते काय? लोक काय म्हनतीन?" खरं कारण वेगळं होतं. तिला पाण्याची भीती होती. घोट्याच्या वर पाणी लागलं की तिचा श्वास अडकायचा. मी धरणाच्या भिंतीवरच बसून राहते, तुम्ही जा, असंही तिने म्हणून पाहिलं.

बाबांनी राजूरला फोन लावला. मुलाचे वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, अगदी कमी बोलणारे. बाबांनी बेटाचं सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. आम्हाला वाटलं, बिघडलं. मग कोणीतरी फोन हातातून घेतल्यासारखा खडखडाट झाला आणि एका बाईचा भरदार आवाज आला, "येतो आमी. कवा येऊ ते सांगा." ती मुलाची आई. तिने विचारलं, काय काय आणायचं, आणि आम्ही सांगायच्या आधीच स्वतःच सांगितलं की वांगी आणि तूप तिच्याकडून.

जानेवारीतला रविवार होता. आम्ही धरणाच्या भिंतीशी पोचलो तेव्हा ते आधीच येऊन थांबले होते. जयभीम झाला. मुलगा वणीला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा. पांढराशुभ्र शर्ट, नवे चामड्याचे बूट, केस नीट बसवलेले. मी ट्रॅक पँट आणि कुर्ता घातला होता, त्यावरून सकाळी घरी वाद झालाच होता. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी चुकलो वाटतं." मला ते आवडलं. त्याचे बाबा उंच, काटकुळे, डोक्याला मफलर गुंडाळून मागे उभे होते. आणि त्याची आई, म्हणजे काकू, कमरेला पदर खोचून गोवऱ्यांचं पोतं स्वतःच नावेकडे ओढत निघाल्या होत्या.

नाववाला मध्यमवयीन होता, शांत. त्याने सगळ्यांना केशरी जॅकेटं घालायला लावली. आईने साडीवर ते जॅकेट घातलं आणि ती भिंतीवरच्या पायरीवर खिळून राहिली. बाबा तिला हळूच समजावत होते, पण तिचा पाय काही उचलत नव्हता. तेव्हा काकू नावेतून परत उतरल्या, आईजवळ आल्या आणि त्यांनी सरळ तिचे दोन्ही हात धरले.

"पान्याकडे पाहू नोका," काकू म्हणाल्या. "माह्या तोंडाकडे पाहा. मी बोलत राहते, तुमी आयका."

आणि त्या खरंच बोलत राहिल्या. नाव सुटली तरी बोलत होत्या. त्यांचं माहेर पैनगंगेच्या काठचं. लहानपणी म्हशींच्या शेपट्या धरून नदी ओलांडायच्या. लग्न होऊन राजूरला आल्या आणि तेव्हापासून अंगणात, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी पूड पाहत आल्या. इतक्या वर्षांत पोहण्याजोगं पाणी त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. तुमच्या यजमानांनी बेट म्हटलं तेव्हा मी यांच्या हातातला फोनच ओढून घेतला, असं त्यांनी सांगितलं. आई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मधेच कधीतरी तिने विचारलं की म्हशी बुडत कशा नाहीत. मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. पाण्यात असताना आईने काही विचारणं हेच नवल होतं.

बेट लांबून वाटलं त्याहून मोठं निघालं. खाली दगड-गोट्यांचा उतार, वर गवत, बोरीची झुडपं, पळस, आणि अगदी माथ्यावर एक मोहाचं झाड. पाण्याच्या काठी बगळे उभे होते, लांब पाणकावळे पंख पसरून बसलेले. नाववाल्याने सांगितलं, फोनची रेंज फक्त मोहाखाली येते, काही लागलं तर तिथून फोन करा. आम्ही मागितली म्हणून दोन जॅकेटं आमच्याकडे ठेवून तो परत गेला.

चुलीची जागा ठरवण्यावरून पहिला वाद झाला. आईचं म्हणणं, वाऱ्याच्या आड. काकूंचं म्हणणं, वारा थोडा लागला तर गोवऱ्या नीट पेटतात. मग कणकेवरून दुसरा. आई रोडगे गोल वळते आणि आत तेलाचे पदर ठेवते. काकूंकडे पानगे करतात, कणीक थापून पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवायची आणि विस्तवात भाजायची. दोघीही आपापल्या पद्धतीवर अडून बसल्या. काही वेळ दोघी एकमेकींशी फार गोड आवाजात बोलत होत्या, त्यावरून मला वाटलं की आता स्थळ इथेच मोडणार. शेवटी अर्धी कणीक आईने घेतली, अर्धी काकूंनी, आणि एकाच विस्तवाच्या दोन बाजूंना दोघींची दुकानं लागली.

दोन्ही बाबांनी गळ काढले आणि ते एका खडकावर जाऊन बसले. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही. माझे बाबा बोलत असावेत आणि ते ऐकत असावेत. दिवसभरात त्यांना एक खेकडा मिळाला. तोही त्यांनी सोडून दिला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. काकू म्हणाल्या, तुम्ही दोघं बेट फिरून या.

आम्ही पाण्याच्या कडेकडेने निघालो. मी पुढे, तो मागे. मला चालताना थांबता येत नाही आणि त्याला न थांबता चालता येत नव्हतं. त्याच्या पँटला कुसळं चिकटली होती, ती तो एकेक काढत होता. मी एका बोरीवर दगड मारून बोरं पाडली, ओंजळभर त्याला दिली. त्याने खिशातून रुमाल काढला, बोरं पुसली आणि मग खाल्ली. बिया तो हातातच ठेवत होता. मी म्हटलं, टाका ना, जंगल आहे. तेव्हा कुठे त्याने त्या टाकल्या.

तो वाईट नव्हता. उलट गमतीदार होता. त्याने सांगितलं की वर्गात तो इतका शांत असतो की मागच्या बाकावरची मुलं झोपतात, आणि त्याला त्यांची झोपमोड करावीशी वाटत नाही. रविवारी तो उशिरापर्यंत लोळतो, मग बुद्धिबळाचे डाव मांडतो, संध्याकाळी जुनी गाणी. त्याला पुण्याला जायचं होतं, तिथे एका क्लासमध्ये बोलणं चाललं होतं. मी सांगितलं की मी पहाटे धावायला जाते, सुटीत मुलींना घेऊन टेकड्यांवर जाते, आणि मला घाटंजी सोडून कुठे जायचं नाही, कारण माझ्या शाळेतल्या मुली कोणी जिल्ह्याला, कोणी विभागाला खेळू लागल्या आहेत आणि त्यांना मधेच सोडवत नाही.

माथ्यावर मोहाखाली पोचलो तेव्हा तो धापा टाकत होता. खाली चारी बाजूंनी पाणी, निळं-हिरवं, आणि पलीकडे कापसाची आणि तुरीची शेतं. मी त्याला म्हटलं, किती सुंदर आहे. तो म्हणाला, "हो. पण खरं सांगू? मला हे खिडकीतून पाहायला जास्त आवडलं असतं." मग त्याने माझ्याकडे पाहून अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "तुम्ही रोजच अशा असता काय?"

मी म्हटलं, आज तर मी हळू चालले.

यावर आम्ही दोघंही खूप हसलो. त्या हसण्यात काहीतरी ठरून गेलं, पण ते तेव्हा कोणी बोललं नाही. आम्ही तिथेच बसून उरलेली बोरं संपवली. त्याने मला घोड्याची अडीच घरं काडीने मातीत काढून समजावली. मी त्याच्या बुटाच्या आत शिरलेला काटा काढून दिला.

खाली आलो तर चुलीजवळ कोणी नव्हतं. विस्तवावर राख ओढलेली, भाजीचं पातेलं झाकलेलं. दोन्ही बाबा खडकावरून उठून पाण्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या नजरेच्या दिशेने मी पाहिलं.

आई पाण्यात होती. गळ्यापर्यंत. साडीवर केशरी जॅकेट, डोकं मागे टाकलेलं, चेहरा आकाशाकडे. काकूंनी एक हात तिच्या पाठीखाली धरला होता आणि त्या तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. मी धावत काठावर गेले. मला वाटलं, घसरून पडली असणार. बाबांनी माझा हात धरून मला थांबवलं.

झालं होतं असं. दोघी पीठ लागलेली परात धुवायला काठावर आल्या. काकूंना राहवलं नाही, त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या, मग कमरेपर्यंत. आई दगडावर उभी राहून पाहत होती. काकूंनी तिला बोलावलं नाही. त्या नुसत्या पाण्यात पाठीवर पडल्या आणि डोळे मिटून तरंगत राहिल्या. आई नंतर मला म्हणाली की इतकी मोठी बाई, इतकी हलकी होऊन पडलेली तिने कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आपणही एकदा असं पडून पाहावं. जॅकेट तिने स्वतःच आणून घातलं.

मी काठावर उभी होते तेव्हा काकूंनी आपला हात हळूच काढून घेतला. आईला ते कळलं नाही. ती तशीच तरंगत राहिली. काही वेळाने तिने डोळे उघडले, काकूंचे दोन्ही हात पाण्याच्या वर पाहिले, आणि एकदम शांत आवाजात म्हणाली, "अवं, माहे पाय कुठंच टेकून नाही राह्यले."

"नाही टेकून राह्यले," काकू म्हणाल्या.

"मंग मी काहून बुडून नाही राह्यली?"

काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्याच खाली गेल्या आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आल्या. आई मग उभी राहून त्यांची पाठ थोपटायला लागली, गळाभर पाण्यात. माझ्या बाबांनी डोळ्यांवर हात धरला होता. ऊन होतं म्हणून, असं ते अजूनही सांगतात.

जेवायला उशीर झाला. दोघी ओल्या साड्यांनी विस्तवाशी बसल्या, अंगावर आम्हा सगळ्यांच्या चादरी-शाली. राख झटकून रोडगे आणि पानगे बाहेर काढले, चुरून त्यावर तूप सोडलं, वांग्याची भाजी, वरण. आईने काकूंचा पानगा खाल्ला आणि पुन्हा मागितला. काकूंनी आईचे रोडगे घरी न्यायला बांधून घेतले. स्वयंपाकाचं भांडण कुठे गेलं ते कळलंच नाही. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा मधे ठेवल्या होत्या, त्या सोलत सोलत बोलणं चाललं. बोलत त्या दोघीच होत्या. शिवलेल्या ब्लाउजच्या बाह्यांपासून ते नवऱ्यांच्या घोरण्यापर्यंत सगळं निघालं. आम्ही बाकीचे प्रेक्षक.

दुपारनंतर वारा सुटला. पाण्यावर लाटा उठायला लागल्या. मी पळत वर मोहाखाली जाऊन नाववाल्याला फोन केला. तो म्हणाला, वारा पडला की येतो, घाई करू नका, पाण्याजवळ जाऊ नका. मुलाचा चेहरा जरा उतरला. त्याच्या बाबांनी मफलर आणखी घट्ट केला. तेव्हा आईने पिशवीतून चिंध्या काढल्या, ती कुठेही गेली तरी तिच्या पिशवीत चिंध्या असतातच, आणि काकूंच्या मदतीने त्यांचा घट्ट चेंडू बांधला. चपटे दगड काय, बेटभर होते. आम्ही लगोरी मांडली.

एका बाजूला मी, माझे बाबा आणि काकू. दुसऱ्या बाजूला आई, मुलगा आणि त्याचे बाबा. मी मनात म्हटलं, हे काय खेळणार. पहिल्याच फेकीत त्या गणिताच्या मास्तरांनी लगोरी उडवली. दुसऱ्यांदाही. तो पळायचा नाही, जागेवर उभा राहून डोळे बारीक करून नेम धरायचा, आणि चेंडू बरोबर जायचा. आणि कधी न बोलणारे त्याचे बाबा वाकून इतक्या झरझर दगड रचायचे की आम्ही चेंडू आणेपर्यंत लगोरी उभी. मी चिडले. रेषेवरून मी वाद घातला, बाबांनी मला कंडक्टरच्या आवाजात मागे सरकायला सांगितलं. आम्ही हरलो. खेळाच्या बाईंना आईने हरवलं, हे तिने पुढे सगळ्या घाटंजीत सांगितलं.

उन्हं कलली, वारा पडला, नाव आली. परतताना आई नावेच्या कडेला बसली आणि तिने सगळ्यांसमोर पाण्यात हात घातला.

धरणाच्या भिंतीशी निरोप घेताना काकू आईला "ईहीनबाई" म्हणायला गेल्या आणि मधेच थांबल्या, कारण अजून काहीच ठरलं नव्हतं. आईही थांबली. मग त्या म्हणाल्या, "बरं ताई, येतो." आणि आई म्हणाली, "या ताई." दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. गाडीत बसल्यावर आई मला म्हणाली की माणसं फार चांगली आहेत. मुलाबद्दल ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मुलाचा मला फोन आला. तो थोडा अडखळत होता. त्याने सांगितलं की तो नाही म्हणणार आहे. माझ्यात काही उणं आहे म्हणून नाही, मी फार चांगली आहे, पण माझ्याबरोबर राहायचं तर त्याला रोज धाप लागेल. मी म्हटलं, मीही नाहीच म्हणणार होते, कारण तुमच्या गतीने चालायला लागले तर माझे पाय दुखतील. आम्ही दोघंही हलके झालो.

"पण आईला कोण सांगणार?" त्याने विचारलं.

हाच खरा प्रश्न होता. आमच्याकडे स्थळ मोडलं की दोन्ही घरं एकमेकांना टाळतात. लग्नात, समाजाच्या कार्यक्रमात समोरासमोर आली तरी ओळख दाखवत नाहीत. कोणी भांडलेलं नसतं, पण तशी रीत पडून गेली आहे. मी आणि तो, आम्हाला एकमेकांना नकार देणं सोपं होतं. त्या दोघींना नकार देणं अवघड होतं. शेवटी ठरलं की आपापल्या आईला आपण सांगायचं, त्याच संध्याकाळी.

मी सांगितलं तेव्हा आई मशीनवर होती. पाय चालत होता. माझं बोलणं संपलं तरी तिने शिवण पुरी केली, दोरा तोडला, कापड बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता रागावेल. पण ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग आता आमी बोलाचं नाही काय एकमेकीसंग?"

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की आईला कोणी मैत्रीण नाही. शेजारणी होत्या, गिऱ्हाइकं होती, बहिणी होत्या. पण जिच्याशी ती उगाच, काही काम नसताना बोलेल अशी कोणी नव्हती. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिले आणि मला हे बेटावर जाऊन आल्यावर कळलं. मी म्हटलं, कोणी अडवलंय, कर फोन. ती म्हणाली, आपण मुलीकडचे, आपण कसा करायचा, आणि त्यांना वाईट वाटलं असेल तर. तिने पुन्हा मशीन सुरू केलं.

रात्रीची भाकरी होत होती तेव्हा बाबांचा फोन वाजला. राजूरहून होता. बाबांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि आईच्या पिठाच्या हातात दिला. काकूंचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होतं. त्यांनी ना खुशाली विचारली ना मुलांबद्दल काही बोलल्या. एवढंच म्हणाल्या, "पोरायचं पोरायपाशी राहू द्या. आपलं काहून तोडाचं? तुमाले अजून पालथं पवनं शिकवाचं राह्यलं."

आईने तव्यावरची भाकरी करपू दिली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तो पुण्याला गेला, तिथेच त्याचं लग्न जमलं. त्याच्या लग्नात आई मुलाकडच्या बायकांत बसली होती, आणि त्या सगळ्यांचे ब्लाउज तिनेच शिवले होते. मंडपात मला कोणीतरी विचारलं, तुमचं नातं काय. मी सांगायला गेले आणि सांगता आलं नाही. पुढे माझंही लग्न झालं. नवरा माझ्यासारखाच पायाला भिंगरी असलेला, तेव्हा घरात कोणीच बसत नाही. माझ्या लग्नाच्या आधी काकू येऊन राहिल्या. हळदीला सगळ्यांत जास्त त्याच नाचल्या, आणि पाहुण्यांना वाढण्यापासून ते मंडपवाल्याला दटावण्यापर्यंत सगळं त्यांनी हातात घेतलं. नवरदेवाकडच्यांना बरेच दिवस त्या माझ्या मावशीच वाटत होत्या. आम्हीही ते सुधारलं नाही.

बेटावर आम्ही दर हिवाळ्यात जातो. दोन्ही बाबा खडकावर बसतात आणि अजून त्यांना मासा मिळालेला नाही. आई आता जॅकेट घालते ते नाववाला रागावतो म्हणून. पालथी पोहते, पाठीवर पोहते, एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत न थांबता जाते आणि तिथे पोचली की केस मागे सारून आमच्याकडे पाहते.

यंदा मात्र आमचं काही जमेना. मला स्पर्धांसाठी मुलींना घेऊन नागपूरला जायचं होतं, बाबांचा गुडघा दुखत होता. मी आईला म्हटलं, पुढच्या महिन्यात पाहू. ती बरं म्हणाली. त्या रविवारी दुपारी मी मैदानावर असताना तिचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, कुठे आहेस. मोहाखाली, ती म्हणाली. दोघी एसटीने आल्या होत्या, एक घाटंजीहून आणि एक राजूरहून, यवतमाळच्या स्टँडवर भेटून.

मी म्हटलं, मला सांगायचं तरी होतंस, मी कोणाला तरी सोबत पाठवलं असतं.

"कायले?" आई म्हणाली. "तुमी असले का लक्ष तुमच्यातच राह्यते. आज मन भरून पवली. आता ठेव, पानगे करपून राह्यले."